ओसरीचे खांब बुडाशीच का कुजतात?

प्रश्न : आमच्या ओसरीचे दोन लाकडी खांब बुडाशी भुसभुशीत झाले आहेत. ते थेट काँक्रीटमध्ये गाडलेले होते. छप्पर न उतरवता नवे बसवता येतील का?

उत्तर : येतील, पण नवे खांब पुन्हा गाडू नका. लाकूड सुकून आक्रसलं की काँक्रीट आणि खांब यांच्यात फट पडते. तिच्यात पाणी साचतं आणि खांबाचं कापलेलं टोक ते शोषत राहतं. जुन्या घरांत खांबाखाली दगडी तळखडा असायचा तो याचसाठी.

एका वेळी एकच खांब काढा. त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे 30 ते 40 सेंमीवर तुळईखाली धिरे (तात्पुरते टेकू) द्या, खाली जाड फळी आणि तिच्यावर स्क्रू जॅक. तुळई उचलायची नाही, खांबावरचा भार फक्त सोडवायचा आहे. 2-3 मिमी पुरे. त्याहून जास्त रेटलं तर भिंतीच्या सांध्यात तडे जातात आणि कौलं सरकतात. धिरे ओळंब्यात आणि घट्ट असल्याशिवाय करवत लावू नका.

गाडलेला बुंधा पूर्ण उकरून काढा. त्यावर नुसता गिलावा केलात तर तो आत कुजून पोकळी होईल आणि वरचा भार त्या पोकळीवर येईल. पाया नव्याने भरा, माथ्याला किंचित बाहेरचा उतार द्या आणि किमान 7 दिवस ओला ठेवा. तोवर धिरे हलवू नका.

मग तुळईच्या मध्यावरून ओळंबा सोडून खालची खूण करा. तिथे पायाच्या कडेपासून निदान 10 सेंमी आत 12 मिमीचा अँकर बोल्ट बसवा. ड्रिलच्या भोकातली धूळ फुंकून काढा; केमिकल अँकर, म्हणजे रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट, सुटण्याचं नेहमीचं कारण तीच असते. बोल्टवर गॅल्व्हनाइज्ड बूट, म्हणजे खांबाचं बूड धरणारी धातूची बैठक, बसवा, लाकूड जमिनीपासून 25 मिमी तरी वर राहील असा.

खांबाची उंची प्रत्येक जागी स्वतंत्र मोजा. एकाच मापाने सगळे कापले तर एखादा हमखास आखूड पडतो. अशा वेळी लाकडी पाचर मारू नका, ती दबते. पोलादी पट्टी घाला. कापलेल्या टोकाला संरक्षक द्रावण ते पिणं थांबेपर्यंत लावा. तांबंयुक्त द्रावणाच्या लाकडात साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात, तेही गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या. पाणसळ लगतच्या दोन बाजूंना लावून पाहा. एकाच बाजूला सरळ दिसणारा खांब दुसरीकडे कललेला असू शकतो.

माथ्यावर तिरके खिळे मारून भागत नाही. वारा छपराला खालून उचलतो, म्हणून दोन्ही अंगांना पट्ट्या घालून बोल्ट आरपार घ्या. जॅक सोडताना तो थोडा थोडा, दोन्हीकडे सारखा सोडा.

प्रश्न : 10 सेंमी चौरस खांब पुरेल, की 15 सेंमीचा घ्यावा?

उत्तर : लांब खांब सहसा चिरडत नाही, तो वाकतो. जाडी दीडपट केली की वाकण्याला विरोध साधारण पाचपट होतो. उलट, उंची दुप्पट केली तर तो चौथाईवर येतो. शिवाय 15 सेंमीच्या माथ्यावर तुळई नीट बसते. शक्य असेल तर जाडच घ्या. वर कौलांचं किंवा स्लॅबचं वजन असेल तर मात्र अभियंत्याकडून हिशेब करून घ्या.

प्रश्न : नव्या खांबाला उभी चीर गेली आहे. बदलावा का?

उत्तर : सुकताना जाणारी उभी चीर बहुधा निरुपद्रवी असते. चीर समोरासमोरच्या दोन बाजूंना आरपार गेली असेल, लाकडाच्या रेषा तिरक्या तोडत असेल किंवा बोल्टच्या भोकातून जात असेल तर बदला. चिरेत कडक लांबी (पुट्टी) भरू नका. पावसात लाकूड फुगलं की ती निघून येते आणि कडेला नवी फट पडते.