वाचकांचे प्रश्न : मीटर, पीएलसी आणि ब्रोकर जोडताना

प्रश्न : आरएस-४८५ च्या (अनेक उपकरणे जोडायच्या पद्धतीच्या) एकाच तारेवर २० ऊर्जामीटर आहेत आणि गेटवे (मीटरचे आकडे नेटवर्कवर पोचवणारे उपकरण) ते मॉडबस आरटीयू या विनंती-उत्तराच्या प्रोटोकॉलने ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) वाचतो. एक फेरी कधी दीड सेकंदात होते, कधी दहा सेकंद घेते. शिवाय एका मीटरचे व्होल्टेज कधी शून्य, कधी चोवीस आकडी दिसते. केबल बदलून पाहिली, फरक नाही.

उत्तर : फरक पडणार नव्हताच, कारण या दोन्ही तक्रारींचे मूळ गेटवेच्या सेटिंगमध्ये दिसते.

आधी वेळेचा हिशेब. १० रजिस्टर (मीटरमधले दोन-दोन बाइटचे कप्पे) वाचायला विनंतीचे ८ आणि उत्तराचे २५, असे ३३ बाइट लागतात. पॅरिटीसकट (चूक पकडायच्या जादा बिटासकट) बाइटला ११ बिट धरले तर ९६०० बॉडला हे जायला-यायला सुमारे ३८ मिलिसेकंद लागतात. दोन फ्रेममध्ये (संदेशांमध्ये) साडेतीन अक्षरांएवढी शांतता सोडावी लागते, ती सुमारे ४ मिलिसेकंदांची. त्यात मीटरला उत्तर तयार करायला २०-३० मिलिसेकंद मिळवा. एका मीटरमागे ७०-८० झाले, म्हणजे २० मीटरना दीड सेकंद. तुमची चांगली फेरी ती हीच.

आता टाइमआऊट (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) १ सेकंद आणि तीनदा प्रयत्न असे सेटिंग असेल, तर बंद पडलेला प्रत्येक मीटर ३ सेकंद खातो. तीन मीटर बंद असले की फेरी दहा सेकंदांवर जाते. टाइमआऊट ३०० मिलिसेकंदांवर आणा, पुनर्प्रयत्न एकच ठेवा आणि उत्तर न देणारा मीटर दर फेरीत न विचारता अर्ध्या मिनिटाने विचारा. लागून असलेली रजिस्टर एकाच विनंतीत घ्या. १२५ पर्यंत चालतात. एकेक रजिस्टर वेगळे मागणारी सेटिंग आम्हाला वारंवार दिसते, आणि मग दोष मात्र बॉड रेटला दिला जातो.

व्होल्टेजचा घोळ शब्दांच्या (वर्ड, म्हणजे एकेका रजिस्टरच्या) क्रमाचा आहे. २३०.४ ही दशांश संख्या दोन रजिस्टरमध्ये हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) ४३६६ आणि ६६६६ अशी बसते. गेटवेने ती उलट क्रमाने, ६६६६ ४३६६ अशी वाचली की थेट चोवीस आकडी राक्षस उभा राहतो. बरोबर २३०.० असेल तर ४३६६ ०००० चे ०००० ४३६६ होते, आणि ते शून्याइतके लहान असते. तेव्हा त्या मीटरपुरता ‘वर्ड स्वॅप’ बदला. तरीही वेडेवाकडे आले तर पत्ता तपासा : मॅन्युअलमधला ४००११ अनेक गेटवेंना १० असा द्यावा लागतो. एकाची चूक झाली की एका राशीचा अर्धा आणि शेजारणीचा अर्धा असा आकडा तयार होतो.

प्रश्न : दोन सेलचे (उत्पादन विभागांचे) पीएलसी (यंत्रे चालवणारे औद्योगिक संगणक) वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. पुढच्या सेलचा ‘जागा आहे’ हा इशारा एमक्यूटीटी ब्रोकरमार्फत (संदेश घेऊन पुढे वाटणाऱ्या सर्व्हरमार्फत) मागच्या कन्व्हेयरला देतो. नेटवर्क तुटले तरी कन्व्हेयर चालूच राहतो. क्यूओएस (संदेश पोचवण्याच्या हमीची पातळी) २ केले तर सुटेल का?

उत्तर : नाही. संदेश नेमका एकदाच पोचावा, एवढेच क्यूओएस २ पाहते. तो कधी पोचेल याची हमी त्यात नाही, आणि आलेला संदेश शिळा झाला हे कन्व्हेयरला कोणीच सांगत नाही. ‘लास्ट विल’वरही (क्लायंट तुटल्यावर ब्रोकर त्याच्या वतीने पाठवतो त्या संदेशावरही) विसंबू नका. कीप अलाइव्ह (क्लायंटने गप्प राहण्याची कमाल मुदत) ६० सेकंद असेल तर गप्प झालेला क्लायंट गेला असे ब्रोकर ९० सेकंदांनी ठरवतो. तोवर माल एकमेकांवर चढलेला असेल.

हा इंटरलॉक (एक यंत्र दुसऱ्याला अडवते तो इशारा) ब्रोकरमधून काढा. एक डिजिटल आउटपुट थेट तारेने समोरच्या इनपुटला द्या, तेही असे की तार तुटली तर ‘जागा नाही’ वाचले जाईल. तार शक्य नसेल तर पीएलसी ते पीएलसी थेट संवाद ठेवा आणि सोबत एक धावता आकडा पाठवा. तो दर १०० मिलिसेकंदांनी वाढावा. ५०० मिलिसेकंद तोच राहिला तर कन्व्हेयर थांबावा. आपत्कालीन स्टॉपचे सर्किट मात्र सेफ्टी रिलेवरच, किंवा प्रोफिसेफसारख्या प्रमाणित सेफ्टी प्रोटोकॉलवर.

ब्रोकरकडे मोजमापे, स्थिती, अलार्म खुशाल जाऊ द्या. आज्ञा पाठवायच्याच असतील तर त्यांना ‘रिटेन’ (ब्रोकरने शेवटचा संदेश जपून नव्याने जोडणाऱ्याला द्यावा ही खूण) लावू नका. वीज जाऊन आली, पीएलसी पुन्हा जोडला गेला, आणि काल संध्याकाळची ‘चालू कर’ ब्रोकरने प्रामाणिकपणे हातात ठेवली, असे होऊ शकते. आज्ञेत वेळ लिहा आणि २ सेकंदांपेक्षा जुनी आज्ञा पीएलसीने टाकून द्यावी. त्यासाठी दोन्हीकडची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या प्रोटोकॉलने) जुळलेली हवीत.

प्रश्न : वीज गेल्यानंतर पीएलसीशी ओपीसी यूए (औद्योगिक उपकरणांमधल्या माहितीच्या देवाणघेवाणीचा प्रोटोकॉल) जोडणी नाकारली जाते. ४८४० पोर्ट उघडे आहे, सर्टिफिकेट बदललेले नाही.

उत्तर : पीएलसीचे घड्याळ पाहा. बॅटरी संपली असेल तर ते जुन्या तारखेला जाते आणि त्याच्या लेखी तुमच्या सर्टिफिकेटची मुदत सुरूच झालेली नसते. बॅटरी बदला, एनटीपी लावा, मग जोडा. घड्याळ बरोबर असूनही अडले तर क्लायंटचे सर्टिफिकेट सर्व्हरच्या नाकारलेल्या फोल्डरमध्ये पडले असेल. तपासून विश्वासार्ह यादीत हलवा. चाचणीसाठी ‘सिक्युरिटी नन’ (सुरक्षेविना) केलेली जोडणी तशीच राहून जाते, ती शोधून बंद करा.