मोठं आतडं नक्की करतं काय? पचन तर लहान आतड्यातच होतं ना?

हो, पोळी-भात-डाळीचं पचन आणि शोषण बहुतेक सगळं लहान आतड्यातच उरकतं, पण तिथून रोज साधारण दीड लिटर पातळ माल मोठ्या आतड्यात येतो आणि हे जेमतेम दीड मीटरचं आतडं त्यातलं पाणी आणि सोडियम परत रक्तात ओढून घेतं, शौचातून बाहेर जातं फक्त 100-200 मिली पाणी. जुलाबात हेच गणित बिघडतं, म्हणून लगेच ओआरएस द्यायला सांगतात.

दुसरं काम मला जास्त भारी वाटतं. भाज्या, ज्वारी-बाजरी, कडधान्यं यातलं फायबर आपल्याला पचत नाही, ते तिथले बॅक्टेरिया खातात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी फॅटी ॲसिड्स बनतात, मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना मुख्य एनर्जी त्यातूनच मिळते!! थोडं व्हिटॅमिन के पण बनतं. गॅसही तिथलाच, थोडाफार गॅस म्हणजे आजार नाही.

उरलेलं सगळं साधारण 1-2 दिवस पुढे सरकत घट्ट होत जातं. सकाळी चहा-नाश्ता पोटात गेला की संडासला जावंसं वाटतं ना, तो शरीराचा नैसर्गिक रिफ्लेक्स आहे, ऑफिसच्या घाईत तो दाबून ठेवू नका प्लीज, मल जितका वेळ आत थांबेल तितकं पाणी अजून शोषलं जातं आणि मग खडा होतो. आणि रक्त पडत असेल तर मूळव्याधच असेल असं धरून घरी चूर्ण घेत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.