सुटका आधी, आज्ञा मागाहून

ताई, तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासाने मिळते की देवाच्या आज्ञा पाळून, या तुमच्या प्रश्नात मीही बरीच वर्षं अडकलो होतो. आधी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 20वा अध्याय उघडा. पहिल्या आज्ञेच्याही आधी देव सांगतो, मी तुला मिसराच्या (इजिप्तच्या) दास्यातून बाहेर आणलं. सुटका आधी, आज्ञा मागाहून!

इफिसकरांस पत्रात 2:8-9 म्हणतं, तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, कर्मांनी नव्हे. पण तिथेच थांबू नका, 10वं वचनही वाचा. सत्कृत्यं ही तारणाची किंमत नव्हे, पण आपल्याला घडवलंय त्यांच्यासाठीच.

माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर कृत्यांनी नीतिमान ठरतो, हे याकोबाच्या पत्रात (2:24) वाचून धडकी भरते, मान्य. पण त्याचा राग नुसत्या तोंडच्या विश्वासावर आहे. उघड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा’ म्हणून वाटेला लावणाऱ्यावर.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर (क्रुसावर) खिळलेल्या चोराला आज्ञा पाळायला वेळच कुठे होता? तरी प्रभूने त्याला सुखलोक दिलं. तुम्हाला वेळ आहे. जावेशी धरलेला अबोला आजच सोडा.