जावयाच्या नावाखेरीज

प्रश्न असा आहे : "थॉमस एडिसनचे सासरे कोण होते? जावयाच्या नावाखेरीज त्यांची स्वतःची काही ओळख होती का?"

'जावयाच्या नावाखेरीज' हे वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो. मी स्वतः सासरा आहे. वर लोहाराच्या भात्याजवळ वाढलेला.

लुईस मिलर. जन्म १८२९, ओहायोतलं ग्रीनटाउन. पोरवयात भिंतींना गिलावा करायचा, मग लोखंडात शिरला. कापणीयंत्रं त्याच्या आधीही होती, मॅकॉर्मिकचं नाव तर सगळ्यांना पाठ आहे. पण त्या यंत्रांची पात्यांची पट्टी ताठ असायची, जमीन वरखाली झाली की अडायची. मिलरच्या 'बकाय' यंत्रात पट्टी बिजागरीवर आली. उंचवट्यावर वर उचलली जायची, खळग्यात खाली बसायची, आणि रस्त्यानं नेताना उभी दुमडून ठेवता यायची. पेटंट १८५६ चं. ओहायोतल्याच अ‍ॅक्रनला मोठा कारखाना त्यातूनच उभा राहिला.

बिजागरीवर एवढं लिहितोय, कारण आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, कोळप्याला (पिकाच्या ओळींमधलं तण काढायच्या औजाराला) तीच केली होती. मिलरचं नावही त्यांना माहीत नव्हतं. कोळप्याची एक पास, म्हणजे पातं, दगडाला अडली की अख्खं कोळपं उचलायचं, ओळीतली दोन रोपं जायची. आण्णांनी प्रत्येक पास वेगळ्या बिजागरीवर टांगली. सांगलीकडच्या बाजारात दोन हंगामांत दहा जणांनी तशीच करून विकली. पेटंट वगैरे आम्हाला कोण सांगणार! त्या बिजागरीची पिन अजून माझ्या खणात आहे, एका बाजूनं झिजून चंद्रकोरीसारखी झालेली.

दोन वर्षांपूर्वी जावयांनी मला क्लीव्हलँडहून अडीच तास गाडी चालवून न्यूयॉर्क राज्यातल्या शटाक्वा तळ्यावर नेलं. सलमान रश्दींवर २०२२ मध्ये हल्ला झाला ते हेच ठिकाण, म्हणून नाव ऐकलं असेल. मिलर आणि जॉन व्हिन्सेंट या पाद्र्यानं १८७४ साली इथं तंबू ठोकून रविवारी धर्मशिक्षण देणाऱ्या शाळांच्या शिक्षकांचं शिबिर भरवलं. पुढं त्यात व्याख्यानं आली, संगीत आलं, घरबसल्या वाचनाचा अभ्यासक्रम आला आणि तळ्याकाठी गावच वसलं. उन्हाळ्यात नऊ आठवडे आजही गजबजतं. (आपल्याकडे रानड्यांची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची. पुण्याचे लोक यावर वेगळं उत्तर लिहितीलच.)

मिलरचं लाकडी घर बघितलं. १८७५ सालचं. भाग अ‍ॅक्रनला कापून घेतले आणि इथं आणून जोडले. कारखानदाराची बुद्धी! काठावर त्याच्या नावाचा विटांचा घंटामनोरा आहे, १९११ चा. त्याखाली उभे असताना जावई म्हणाले, "बाबा, हे सगळं एडिसनमुळे गाजलं ना?"

अहो, अकरा मुलांतली सातवी मुलगी मिना. एडिसननं तिच्या तळहातावर मोर्सच्या टकटकीनं मागणी घातली, तिनंही टकटकीतच होकार दिला, ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्यानंतर त्याच एडिसननं मिलरला रीतसर पत्र लिहून मुलगी मागितली, हे कोणी सांगत नाही. तीन मुलांचा बाप असलेला विधुर होता तो. लग्न १८८६ सालचं. तोवर शटाक्वाला बारा वर्षं होत आली होती आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँट येऊन गेले होते. तेव्हा कोण कोणामुळे, ते तुम्हीच ठरवा. मिना मात्र पुढं जन्मभर त्या तळ्याशी बांधलेली राहिली. तिथल्या झाडापाखरांच्या क्लबचं काम तिनं बघितलं.

आता खरं बोलतो. आण्णांनी गावतळ्याकाठची चार गुंठे जागा वाचनालयाला दिली, तेव्हा धाकटे काका म्हणाले होते, "लोखंडाच्या माणसानं पुस्तकाच्या भानगडीत पडू नये. तिथं दुसरी शेड घाल." पुढं ट्रॅक्टरची औजारं आली, वर्कशॉप मिटलं, आणि काका तीस वर्षं सांगत राहिले की ते वाचनालयापायी मिटलं. काका, मिलर १८९९ ला गेला आणि थोड्याच वर्षांत त्याचाही कारखाना दुसऱ्याच्या हाती गेला. तळ्याकाठचं मात्र चालू आहे. शेड घातली असती तर आज तिच्यात शेळ्या असत्या.

तुम्ही जागा द्यायच्या विचारात असाल तर द्या, पण आधी सातबारावर नाव लावून द्या. आमचं ते राहिलं, म्हणून दर दिवाळीला भांडण.

हो, एक सांगायचं राहिलं. शटाक्वा काही फुकट नव्हे. हंगामात फाटकावर पास काढावा लागतो, आणि दिवसाचा आकडा मी रुपयांत मोजायला घेतला तेव्हा जावयांनी मोबाइल काढून घेतला. शिवाय मिलरनं आधी पैसा कमावला, मग तळं धरलं. आण्णांनी दोन्ही एकदमच धरलं, तेवढं काकांचं बरोबर आहे.

काकांचा नातू तलाठी भरतीसाठी दोन वर्षं त्याच वाचनालयात फॅनखाली बसायचा. डबा काकांच्या घरूनच यायचा, आणि डबा द्यायला आलेले काका दारातूनच त्या चार गुंठ्यांचा आजचा भाव सांगून जायचे.