पणजोबांची कोरी बाही

चिऊ,

काल व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंस, "पणजोबा शिपाई होते म्हणजे प्यून होते का? मग आजी सगळ्यांना सुभेदार का सांगते?" दुसऱ्या प्रश्नावर इथे एकटाच हसत बसलो. आधी पहिलं बघू.

मराठीत शिपाई तीन जागी भेटतो. ऑफिसात फायली नेणारा, चौकीतला पोलीस शिपाई आणि पलटणीतला. आपले आबा तिसरे. मराठा लाईट इन्फंट्री, बेळगाव. रेजिमेंट १७६८ सालची. तिथे शिपाई म्हणजे सगळ्यात खालचा हुद्दा. तोफखान्यात त्यालाच गनर म्हणतात, इंजिनिअर्समध्ये सॅपर.

नौपाड्याच्या घरात कपाटावर आबांचा फोटो आहे. आजीला काढून द्यायला सांग आणि बाही बघ. एक फीत असली की लान्स नाईक, दोन असल्या की नाईक, तीन म्हणजे हवालदार. सुभेदार त्याच्याही वरचा. आबांची बाही कोरी. पंधरा वर्षं नोकरी करून कोरीच. बढतीला शिक्षणाचे दाखले लागत आणि आबा बोट ठेवून वाचणारे.

पेन्शनवर आल्यावर सातारा सोडून ठाण्याला आले. १९६२ नंतर वागळे इस्टेटमध्ये कारखाने उभे राहत होते, तिथल्या एका गेटवर वॉचमन लागले. मिशा आणि कडक इस्त्रीमुळे कामगार त्यांना "सुभेदार" म्हणायचे. आजी लग्न होऊन आली तेव्हा चाळीतही तेच चालू होतं. तिने ते जपलं, एवढंच. (माहेरी सांगायलाही बरं पडत असणार.)

मीही चौथीत निबंधात "माझे आजोबा सुभेदार होते" असं ठोकून दिलं होतं. आबांनी वही मागितली, ओळीवरून बोट फिरवलं, पेन्सिलीने "सुभेदार" खोडलं आणि वर वाकड्या अक्षरात "शिपाई" लिहिलं. म्हणाले, "नामदेव जाधव बी शिपाईच व्हता."

संगमनेरकडच्या निमजचा हा गडी आबांच्याच रेजिमेंटचा. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीवर गोळीबारात, खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून त्याने दोन जखमी साथीदार पाठीवर आणले. मग परत जाऊन तीन मशीनगन ठाणी एकट्याने गप्प केली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. तेव्हा त्याचीही बाही कोरीच होती.

पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत आबांचं डिस्चार्ज बुक (पलटणीतल्या नोकरीचं नोंदपुस्तक) असेल, खाकी कापडात बांधलेलं. पहिल्या पानाचा फोटो काढून पाठव. पेटी उघडताना आजीला बोलाव, झाकण हातावर आपटतं.

तुझा,
बाबा