हिस्पानो-सुइझा इंजिनाचे वेगळेपण

प्रश्न : पहिल्या महायुद्धातील विमानांत हवेने थंड होणारी फिरती इंजिने (ज्यांत पंख्याबरोबर सबंध इंजिनच फिरे) प्रचलित असताना पाण्याने थंड होणाऱ्या हिस्पानो-सुइझा इंजिनाला एवढे महत्त्व का आले?

उत्तर : याचे श्रेय मुख्यतः मार्क बर्किग्ट या स्विस अभियंत्याच्या रचनेला द्यावे लागेल. त्या काळच्या पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक इंजिनांत प्रत्येक सिलिंडर पोलादी व सुटा असे आणि त्याभोवती पाण्यासाठी पत्र्याचे आवरण जोडलेले असे. बर्किग्टने मात्र ॲल्युमिनियमचे दोन ओतीव ठोकळे ‘व्ही’च्या आकारात बसवले, पाण्याच्या वाटा ओतकामातच ठेवल्या आणि बाहेरून आटे पाडलेल्या आठ पोलादी नळ्या त्या ठोकळ्यांत पिळून घट्ट केल्या. त्यामुळे इंजिन आटोपशीर, हलके आणि तरीही भक्कम झाले. सुरुवातीला १५० व पुढे १८० अश्वशक्ती देणाऱ्या या इंजिनावर स्पॅड ७ हे फ्रेंच लढाऊ विमान उडाले. शिवाय सबंध इंजिनच गरगर फिरत नसल्याने वळताना वैमानिकाला होणारा त्रासही टळला. रेडिएटरला गोळी लागल्यास पाणी गळून इंजिन बंद पडण्याचा धोका मात्र कायम होता.

विमानाचा पंखा (प्रॉपेलर) इंजिनापेक्षा सावकाश फिरावा म्हणून दंतचक्रे जोडलेल्या, २०० अश्वशक्तीच्या पुढील आवृत्तीत ही चक्रे वारंवार निकामी होत. तरीही दंतचक्रांमुळे पंख्याचा दांडा वर सरकला आणि तो पोकळ ठेवून स्पॅड १२ विमानात त्यातून ३७ मिलिमीटरची तोफ डागता आली. माझ्या मते या इंजिनाच्या इतिहासातील हीच सर्वांत कल्पक गोष्ट होय.