एमआरआय नॉर्मल आहे, तरी दोन वर्षं कंबर दुखते. म्हणजे दुखणं मनाचं आहे का?

'मनाचं' हा शब्द तुमचा, की घरात कुणी ऐकवला? बहुतेक ऐकवलाच असणार. आमच्याकडे शब्द 'नाटक' होता, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही विचारलंय की रिपोर्ट कोरा आहे, डॉक्टर 'टेन्शन घेऊ नका' म्हणतात, मग जुनाट दुखण्यावरच्या संशोधनात नवीन काय निघालंय आणि अमेरिकेत आलेली नवी गोळी घ्यावी का. गोळीचं नंतर सांगते. आधी माझा रिपोर्ट, जो तुमच्यासारखा कोरा नव्हता.

मी कराडजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. २०१८ च्या जूनमध्ये प्रयोगशाळेतलं कपाट सरकवताना कमरेत उसण भरली. आठ दिवसांत जाईल म्हणून बाम चोळला. सहा आठवडे झाले तरी वाकता येईना, तेव्हा शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. एमआरआय झाला. डॉक्टरांनी पाकिटातली फिल्म उजेडावर लावली, पेनाच्या टोकानं एक काळपट चकती दाखवली आणि म्हणाले, "मॅडम, गादी सरकलीय. मणका झिजलाय. आता जपायचं. वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, पाच किलोच्या वर उचलायचं नाही." कधीपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग बेल्ट आला. दहा दिवस ट्रॅक्शन झालं, म्हणजे वजन लावून कंबर ताणणं. प्रीगॅबालिन नावाची नसांच्या दुखण्यावरची गोळी सुरू झाली, तिच्यामुळे सातव्या तासाला फळ्यापुढे उभ्या उभ्या डोळे मिटायचे. पण खरं नुकसान केलं त्या 'मणका झिजलाय'नं. मी स्वतःला लोणच्याच्या बरणीसारखं जपायला लागले. खडू पडला तर पोरींनी उचलून द्यायचा. हळदी-कुंकवाला सगळ्या सतरंजीवर, मी एकटी खुर्चीत. पिठाचा डबा खाली असला तर नवरा येईपर्यंत चपात्या खोळंबायच्या. शिंक आली तरी आधी भिंत धरायची. चौदा महिने. एवढं जपून दुखणं कमी झालं का? उलट पसरलं. कमरेतून कुल्ल्यात, मांडीत, पुढे दोन्ही खांद्यांत. कमरेतल्या गादीचा खांद्यांशी काय संबंध, हा प्रश्न विज्ञानाच्या बाईला पडायला हवा होता. पडला नाही.

सासूबाई पाटणकडच्या. आयुष्यभर भाताची लावणी केलेल्या. पहिला महिना त्यांनी तेल कोमट करून दिलं. तिसऱ्या महिन्यात शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "चिखलात वाकून वाकून लावणी केली, आमाला कुठं हुतं मणकं! समदं नाटक." मला म्हणायच्या, "ऊठ, भाकरी थापायला बस, आपोआप मोकळी हुशील."

हे वाक्य मला आजही झोंबतं, कारण त्यातलं निम्मं बरोबर निघालं.

२०१९ च्या दिवाळीआधी नवरा मोटारसायकलवरून घसरला. मुका मार होता, पण खबरदारी म्हणून त्याचाही एमआरआय काढला. फ्रॅक्चर नव्हतं. खाली मात्र बारीक अक्षरांत तीन गाद्यांना बल्ज, म्हणजे फुगवटा, आणि सगळ्यात खालची 'प्रोट्रुड', म्हणजे बाहेर आलेली, असं लिहिलेलं. मी कपाटातून माझा रिपोर्ट काढला, दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवले आणि लाल पेन घेऊन पेपर तपासल्यासारखी ओळ न् ओळ ताडून बघितली. माणूस माझ्यापेक्षा जास्त विषयांत नापास होता. आणि त्याच माणसानं आदल्याच आठवड्यात गव्हाचं पन्नास किलोचं पोतं दुसऱ्या मजल्यावर चढवलं होतं. मुका मार आठवड्यात बरा झाला. तो रिपोर्ट त्यानं पुन्हा उघडलाही नाही.

त्या रात्री मी शोधायला बसले. २०१५ साली अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजीत एक आढावा आलाय. ३३ अभ्यास, ३,११० माणसं, आणि यातल्या कुणालाही पाठदुखी नव्हती. तरी विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. चाळिशीत हे प्रमाण ६८ टक्के, ऐंशीत ९६. बल्ज चाळिशीत ५० टक्क्यांना. म्हणजे मला जे 'झिजलाय' म्हणून ऐकवलं, ते माझ्या वयाच्या निम्म्याहून जास्त धडधाकट लोकांच्या पाठीत असतंच. केस पिकतात तशा गाद्या पिकतात. कुणी मला आरसा दाखवून "केस पिकलेत, आता मान हलवू नका" म्हणालं असतं तर मी ऐकलं असतं का?

आता तुमच्याकडे बघू. रिपोर्ट खराब म्हणून मला घाबरवलं. तुमचा चांगला म्हणून तुम्हाला खोट्यात काढताहेत. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: दुखतंय तर तिथं काहीतरी मोडलेलं दिसलंच पाहिजे. ही समजूत मीच वीस वर्षं फळ्यावर काढत आले. गरम तवा, त्याला लागलेला हात, संवेदी चेतापेशी, मेरुरज्जू, मेंदू आणि बाण. जणू घंटीची वायर, इकडे बटण दाबलं की तिकडे वाजणार.

मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या संशोधकांनी १९६५ मध्येच सांगितलं होतं की मेरुरज्जूत एक फाटक असतं आणि कोणता संदेश वर सोडायचा, कोणता अडवायचा हे तिथं ठरतं. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की इजेनंतर मेरुरज्जूतल्या पेशीच हळव्या होऊन बसतात, मग साधा स्पर्शही दुखणं म्हणून वर जातो. आपल्याकडे याला म्हणच आहे. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. तुमचा मेरुरज्जू दोन वर्षं ताक फुंकतोय, आणि एमआरआयमध्ये पोळलेली जीभ शोधताहेत. फुंकणं एमआरआयमध्ये दिसत नाही.

अशा दुखण्याला २०१७ मध्ये जागतिक वेदना संघटनेनं नाव दिलं, नोसिप्लास्टिक. इजा नाही, नस दबलेली नाही, पण वेदनेची यंत्रणाच बिघडलीय. आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला स्वतःची नोंद मिळालीय. दुसऱ्या कशाचं तरी लक्षण म्हणून नाही, त्याचा तोच आजार. पुढच्या वेळी कुणी 'मनाचं' म्हणालं तर हे सांगा.

त्यानंही भागलं नाही तर उंदीर सांगा. अंगभर दुखण्याचा जो फायब्रोमायाल्जिया नावाचा आजार आहे, ज्यात बायकांना वर्षानुवर्षं 'काही झालेलं नाही' म्हणून परत पाठवतात, त्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं २०२१ मध्ये ब्रिटन-स्वीडनमधल्या संशोधकांनी उंदरांना टोचली. उंदीर दाबाला आणि थंडीला हळवे झाले. निरोगी माणसांची टोचली, तर काही झालं नाही. उंदरांना नाटक येत नाही. (हा वेगळा आजार आहे, कंबरदुखीला सरसकट लावू नका. मी सासूबाईंना लावला, पण ते भांडण होतं.)

उपाय. फिजिओथेरपिस्ट भेटली ती पंचविशीतली पोरगी. तिनं पहिल्याच दिवशी बेल्ट काढायला लावला, जमिनीवर खडूचा डबा ठेवला आणि म्हणाली, "उचला." मी गुडघे वाकवून, पाठ काठीसारखी ताठ ठेवून, श्वास कोंडून खाली जायला लागले. ती म्हणाली, "असं नको. मुलांची वही उचलता तसं. पाठ वाकू दे. आणि श्वास सोडा." चौदा महिन्यांत पहिल्यांदा पाठ गोल झाली. दुखलं. पण कडकन काही तुटेल असं जे वाटत होतं, तसलं काही झालं नाही. डबा हातात घेऊन मी तिथंच बसून रडले. नंतर आठ महिने लागले, रोज थोडं थोडं. चमत्कार वगैरे नाही.

बेल्ट आणि ट्रॅक्शनबद्दल माझं मत विचाराल तर ते पैसे मी गटारात टाकले असते तरी चाललं असतं. जुनाट कंबरदुखीसाठी २०२३ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दोन्ही नकोत म्हटलंय. प्रीगॅबालिनची सायटिकावर, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यावर, चाचणी २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आली. खोट्या गोळीपेक्षा फायदा जास्त नाही, चक्कर मात्र जास्त. आणि चालणं: ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांपैकी काहींना हळूहळू वाढवत चालायला लावलं. २०२४ मध्ये निकाल आला. न चालणाऱ्यांची कंबर साधारण ११२ दिवसांत पुन्हा धरली, चालणाऱ्यांची २०८ दिवसांत. फुकटचं औषध आहे.

अमेरिकेत कोलोरॅडोतली एक चाचणी तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळची. १५१ जण, वर्षानुवर्षांची कंबरदुखी. एका गटाला चार आठवडे फक्त हे शिकवलं की दुखणं खरं आहे, पण त्याचा अर्थ पाठ मोडलीय असा नाही. भीती न बाळगता हला. त्या गटातल्या ५० पैकी ३३ जणांचं दुखणं जवळपास गेलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्या ५० पैकी ५ जणांचं. हे मी मूर्खासारखं जेवताना सांगितलं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "बघ, बोलून गेलं म्हंजी मनाचंच हुतं की."

नाही. दहावीच्या पोराला गणिताच्या पेपरच्या सकाळी जुलाब होतात. सुरुवात भीतीनं होते, म्हणून ते जुलाब मनातले आहेत असं त्याच्या आईला सांगून बघा.

गोळी राहिली. सुझेट्रिजिन. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झाली. नसांमधला सोडियमचा एक विशिष्ट दरवाजा बंद करते, मेंदूवर चढत नाही, अफूच्या जातीची नाही. चांगलीच आहे. पण मंजुरी ऑपरेशननंतरच्या वगैरे ताज्या दुखण्याला आहे. तुमच्या दोन वर्षांच्या दुखण्याला नाही. सायटिकावर करून बघितली तेव्हा खोट्या गोळीनंही जवळपास तेवढाच आराम पडला. तिची वाट बघत बसू नका.

हे आधी लिहायला हवं होतं: लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, मांड्यांच्या मधला भाग बधिर असेल, पाऊल लुळं पडत असेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, पूर्वी कॅन्सर झाला असेल, तर हे उत्तर बंद करा आणि आज हॉस्पिटल गाठा. चालू गोळ्या मनानं एकदम थांबवू नका. कोलोरॅडोतले लोक बहुतेक शिकलेले होते, त्यामुळे तो आकडा आपल्याकडे तसाच येईल असं नाही. मी डॉक्टर नाही. आणि माझी कंबर आजही मार्चमध्ये बोर्डाचे पेपर तपासताना धरते. फक्त आता मी घाबरत नाही, उठून दोन फेऱ्या मारते.

बेल्ट नवऱ्याकडे आहे. स्कूटरला गॅस सिलिंडर बांधायला वापरतो.

सध्या सासूबाईंचा गुडघा दुखतो. एक्स-रेत 'गॅप कमी झालाय' कळल्यापासून त्यांनी ओटीवरून उतरणं सोडलंय. मी रोज संध्याकाळी म्हणते, आई, चला मारुतीच्या देवळापर्यंत, मी धरते. कालही म्हटलं. तर म्हणाल्या, "तुझं येगळं. तुझं मनाचं हुतं. माझं फोटूत दिसतंया."